बिघडावी म्हणून निघालेली गाडी

जगातली बहुतेक माणसं गाडी पोचावी म्हणून चालवतात. ती बंद पडावी म्हणून पगार घेऊन चालवणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे आणि तिची दाट वस्ती पिंपरी, आकुर्डी, चाकण ह्या पट्ट्यात आढळते. ह्या जमातीतला माणूस सकाळी गाडी काढताना बॉनेटला नमस्कार करतो, पण त्याचं मागणं इतरांच्या उलट असतं. संध्याकाळी गाडी सुखरूप परत आली की बिचारा हिरमुसतो. ‘काय झालं?’ ‘काही नाही झालं हो!’ लॉगशीटवर ‘निरीक्षण’ नावाचा एक रकाना असतो. त्यात आठवडाभर ‘काही नाही’ असंच लिहून आलं की साहेब केबिनमध्ये बोलावून विचारतात, ‘चालवताय ना नीट?’ नीट चालवताय याचा इथला अर्थ, पुरेशी वाईट चालवताय ना.

मी काही वर्षं ह्या जमातीत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. गुप्ततेच्या कागदावर सही करून दिलेली आहे, आणि त्या कागदातला मजकूरही गुप्त असल्यामुळे नेमकं काय सांगायचं नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही.

नवं इंजिन तयार झालं की ते लगेच रस्त्यावर येतं असं नाही. आधी ते टेस्ट सेलमध्ये शेकडो तास पळतं. तिथे पाणी ठरल्या तापमानाचं, तेल ठरल्या तापमानाचं, हवा गाळलेली, आणि काचेपलीकडे चार माणसं त्याला काय हवं-नको ते बघायला टपून बसलेली. दिवाळसणाला आलेल्या जावयाचीच बडदास्त. आता छळही करतात. तासन्‌तास पूर्ण थ्रॉटलवर पळवतात, भरपूर तापवून एकदम गार पाणी सोडतात, पुन्हा तापवतात. पण तो सगळा कागदावर आखलेला, वेळापत्रकाप्रमाणे केलेला छळ असतो. सेलमध्ये इंजिनाला एक गोष्ट कधीच भेटत नाही. ती म्हणजे माणूस. सिग्नलच्या चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी झुलवत ठेवणारा माणूस. चौथ्या गिअरमध्ये ताशी पंचविसाने जाणारा, का, तर ‘ॲव्हरेज चांगलं पडतं’. गाडी सुरू केल्या केल्या ‘जरा गरम होऊ दे’ म्हणून जागच्या जागी तिला बोंबलायला लावणारा. हा प्राणी कुठल्याही यंत्रात बसवता येत नाही. म्हणून मग इंजिनालाच त्याच्या मुलखात पाठवावं लागतं.

ह्या धंद्याची सुरुवात एका बाईने केली आणि तीही नवऱ्याला न विचारता. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. पेटंट झालं, पण गाडी घ्यायला कोणी येईना. कार्लसाहेब आपले मानहाइमच्या आसपास थोडं फिरवून यायचे आणि पुन्हा पाना घेऊन बसायचे. डिझाइनमधली माणसं तेव्हाही अशीच होती. अजून थोडं सुधारू, मग बघू. अखेर १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे, साहेब झोपलेले असताना, त्यांच्या पत्नी बेर्था यांनी युजेन आणि रिचर्ड ह्या मुलांना उठवलं, गाडी बाहेर काढली आणि थेट माहेर गाठलं. माहेर फोर्त्सहाइमला, शंभरेक किलोमीटरवर. जगातली पहिली दूरपल्ल्याची मोटारचाचणी ही अशी, ‘जरा आईकडे जाऊन येते’ एवढंही न सांगता झाली.

वाटेत जे जे व्हायचं ते सगळं झालं. इंधन संपलं. पेट्रोलपंप अजून जन्माला यायचा होता, म्हणून व्हीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून बाईंनी लिग्रोइन घेतलं. हे कपड्यांवरचे डाग काढायचं द्रव्य. एका गिऱ्हाइकाने ते एवढं मागितल्यावर औषधवाल्याच्या डोळ्यांसमोर केवढा डाग उभा राहिला असेल! इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेचं आवरण खराब झालं तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, त्यांवर जोडे शिवणाऱ्याकडून चामडं ठोकून घेतलं. चढ आले तिथे पोरं खाली उतरून ढकलत राहिली. संध्याकाळी नवऱ्याला तार गेली, पोचलो. आणि परतल्यावर बाईंनी सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. तो बसवला गेला.

माझ्या मते हा जगातला पहिला ट्रायल रिपोर्ट. ब्रेक झिजतो, इंधन तुंबतं, चढाला दम लागतो. सव्वाशेहून अधिक वर्षांनी आमचे रिपोर्ट ह्याच तीन ओळींचे असायचे, फक्त त्यांना ऐंशी स्लाइड लागायच्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर मीटिंगमध्ये भांडण व्हायचं. बेर्थाबाईंचं शहाणपण मात्र नंतर हरवलं. डिझाइनवाल्यांची झोप मोडायच्या आत गाडी बाहेर काढावी, हे कुठल्याही मॅन्युअलात लिहिलेलं नाही.

आता आमच्याकडे बघा. इंजिन नवं असलं तरी ते बसवतात जुन्या मॉडेलच्या पोटात. अशा गाडीला आमच्यात म्यूल म्हणतात. अख्खी गाडीच नवी असेल तर तिच्या अंगावर काळ्यापांढऱ्या वेलांट्यांचा कागद चिकटवतात, आकार कळू नये म्हणून. परिणाम असा की जी गाडी कोणाच्याही नजरेत भरू नये, ती टोलनाक्यावर सगळ्यांच्या आधी नजरेत भरते. कॉलेजची पोरं बाइकवरून पाठलाग करत फोटो काढतात, आणि चेअरमनसाहेबांनी तयार गाडी बघायच्या आत ती चाकणच्या वडापाववाल्याच्या मोबाइलमध्ये जाऊन बसलेली असते. म्यूलच्या नशिबात हे कौतुक नाही. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बारकाईने बघणाऱ्यालाच दिसतं की बॉनेटच्या फटीतून तारांचा जुडगा आत गेलाय. ती सगळी थर्मोकपल्स, म्हणजे जिथे जिथे ताप मोजायचा तिथे तिथे चिकटवलेल्या तारा. त्यांची टोकं मागच्या सीटवरच्या लॉगरमध्ये. आणि नंबरपाटी लाल, ट्रेड सर्टिफिकेटची, एमएच १४ च्या पुढे टीसी. लोणावळ्यात एका सद्गृहस्थांनी ती पाटी वाचून मला बाजूला घेतलं आणि मुलीचं पुणे-नागपूर वेटिंग कन्फर्म होईल का, असं अत्यंत अजिजीने विचारलं. चार्ट तयार झाल्यावर बघू, म्हणालो.

गाडी भरलेली हवी. रिकाम्या गाडीने घाट चढला तर त्यात इंजिनाचं कौतुक नाही, आणि आपल्याकडे रिकामी गाडी घाटात नेतो कोण? पण रोज चार माणसं नुसती बसायला कुठून आणायची? त्यांना पगार द्यावा लागतो, चहा लागतो, मधूनच ती गाणी म्हणतात. म्हणून माणसाच्या वजनाची वाळूची पोती भरायची आणि त्यांना सीटबेल्ट लावायचे. जर्मनीत, जपानात ही पद्धत निर्धोक असेल. महाराष्ट्रात गाडीत वाळू ठेवून रात्रीचं फिरणं हा काय प्रकार आहे, हे आमच्या प्लॅनिंग खात्याला सुचलंच नव्हतं. कराडच्या अलीकडे एका रात्री महसूल खात्याच्या पथकाने हात केला. बॅटरीचा झोत मागच्या सीटवर.

‘काय आहे हे?’

‘वाळू.’

‘किती?’

‘चार माणसं,’ आमचे ड्रायव्हर काका म्हणाले. ‘आणि डिकीत त्यांचं सामान.’

‘रॉयल्टीची पावती?’

‘पावती नाही, पण ही वाळू विकायची नाही साहेब.’

‘मग कुठं नेताय?’

‘कोल्हापूरला.’

‘तिथं उतरवणार?’

‘छे. परत आणणार.’

‘आणि मग?’

‘मग उद्या परत नेणार.’

साहेबांनी बॅटरी बंद केली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हाताखालच्या माणसाला म्हणाले, ‘नेलेली वाळू परत आणणारा हा पहिलाच बघतोय. सोडा.’ पुढे कंपनीने पोत्यांच्या जागी पाण्याचे मोठे कॅन दिले. ते बरे होते, पण मे महिन्यात एका गावात चहाला थांबलो तर आम्ही गाडीकडे परत येईपर्यंत मागे दोन हंडे आणि एक कळशी रांगेत लागलेली.

कोल्हापूरच्या लॉजवर दुसराच घोळ. इंजिन तेल किती खातं हे मोजण्याची एक जुनी, खात्रीची रीत आहे. गाडी सपाटीवर उभी करायची, इंजिन गरम असतानाच खालचा बोल्ट काढून तेल भांड्यात सोडायचं, ठरलेली मिनिटं घड्याळ लावून शेवटचा थेंब गळू द्यायचा, आणि मग ते तेल ग्रॅममध्ये तोलायचं. आधीच्या वेळेपेक्षा किती कमी भरलं तेवढं इंजिनाने खाल्लं. मोजून झालं की तेच तेल परत इंजिनात. हे सगळं आम्ही करायचो रात्री, लॉजच्या मागच्या फरशीवर, दोघंजण उकिडवे बसून, हातात टॉर्च, मध्ये सोनाराकडे असतो तसा नाजूक इलेक्ट्रॉनिक काटा, आणि तोंडातून अवाक्षर नाही. बोलण्याच्या नादात मिनिटं चुकायची. लॉजच्या मॅनेजरने दोन मुक्काम हे खिडकीतून बघितलं. तिसऱ्या वेळी तो खाली आला.

‘तेल बदलायचं असेल तर गॅरेजवाला आहे आपल्या ओळखीचा,’ तो म्हणाला.

‘बदलायचं नाहीये.’

‘मग काढता कशाला?’

‘वजन करायला.’

‘आणि?’

‘परत घालायला.’

त्याने आकाशाकडे बघितलं. नेमकी अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी आमच्या खोल्या रस्त्याकडच्या बाजूला, काउंटरच्या नजरेत येतील अशा दिल्या गेल्या आणि फरशीवर कोणीतरी गोमूत्र शिंपडून ठेवलं. त्या फेरीत तेल नेमकं वाढीव भरलं की काय म्हणून मी घाबरून काटा पुन्हा पुन्हा शून्यावर आणत होतो.

ही वाढीव भरण्याची भानगड खरी आहे बरं का, थट्टा नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सहा नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, आली. ती भरली की आतली काजळी जाळावी लागते. त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या घरात तापावा लागतो, आणि त्यासाठी इंजिन सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल उडवतं. गाडी पंधरावीस मिनिटं एका वेगात धावली की काम फत्ते. पंधरावीस मिनिटं एका वेगात! हिंजवडीत! तिथे जाळायला सुरुवात होते आणि सिग्नल लागतो. पुन्हा सुरुवात होते आणि ऑफिस येतं. जे जास्तीचं डिझेल जळलं नाही ते सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली तेलात उतरतं. मग डिपस्टिक काढून बघावं तर तेलाची पातळी चढलेली. मालक खूश, ‘बघा, आमच्या गाडीला तेल लागत नाही, उलट वाढतंय.’ आत बेअरिंगं पातळ तेलावर घासतायत. म्हणून आमच्या वेळापत्रकात घाटाइतकंच महत्त्व वाकड-हिंजवडीच्या फेऱ्यांना होतं. ती ड्युटी कोणी मागून घ्यायचं नाही. लडाखची ड्युटी मात्र चिठ्ठ्या टाकून वाटावी लागे.

लडाखबद्दल लोकांना फार उत्सुकता असते, म्हणून थोडक्यात सांगून टाकतो. खारदुंग ला चढून गेलं की हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. इंजिन धापा टाकतं, टर्बो बिचारा तेवढीच हवा कोंबायला जास्त जोरात गरगरतो, आणि इंजिनिअरची अवस्था इंजिनाहून वाईट असते, कारण त्याला टर्बो नसतो. तिथल्या पाटीवर उंची अठरा हजार तीनशे ऐंशी फूट लिहिलेली असायची. खरी त्याहून सातआठशे फूट कमी आहे. आमच्या मार्केटिंगच्या माणसाला हे कळल्यावर त्याला पाटी रंगवणाऱ्याबद्दल मनापासून आपुलकी वाटली.

खरी परीक्षा लडाखची नाहीच. आपला बोरघाट घ्या, तोही जुन्या रस्त्याचा. मे महिना, एसी पूर्ण जोरात, खोपोलीपासून दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे उसाचा किंवा सिमेंटचा ट्रक. वेग एवढा कमी की रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही आणि इंजिनावर ओझं मात्र पुरतं. काटा चढत जातो. आणि ह्या सगळ्याच्या मध्यावर, जिथे इंजिन सर्वांत जास्त तापलेलं असतं तिथे, शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची आख्यायिका सांगतात. घाट चढणारा मराठी माणूस तिथे थांबतो, किल्ली फिरवून इंजिन बंद करतो, आणि हात जोडायला उतरतो. भक्ती म्हणून हे उत्तम. इंजिनाच्या दृष्टीने ह्याहून क्रूर क्षण नाही. किल्ली फिरली की पंप थांबतो, पंप थांबला की पाणी जागच्या जागी उभं राहतं, आणि सिलिंडर हेडच्या धातूत कोंडलेली सगळी उष्णता त्या उभ्या पाण्यात शिरते. गाडी बंद आहे आणि ताप वाढतोय. टर्बोच्या आसाभोवतीचं तेल तिथल्या तिथे करपतं. ह्याला हीट सोक म्हणतात. जर्मन सल्लागारांनी दिलेल्या चाचणीत चढ होता, ओझं होतं, ऊन होतं. चढाच्या ऐन मध्यावर इंजिन बंद करण्याचं कारण मात्र त्यांना पटेना. ‘तिथे कोणी का थांबेल?’ असं त्यांचं म्हणणं. आम्ही काकांना पुढे केलं. काका म्हणाले, ‘थांबला नाही तर शिंग्रोबा थांबवतो की.’ सल्लागारांनी हे लिहून घेतलं. पुढच्या आवृत्तीत ‘शिंग्रोबा स्टॉप, दहा मिनिटं, इंजिन बंद’ अशी स्वतंत्र पायरी छापून आली आणि तिच्यासाठी सुटे पैसे प्रवासभत्त्यात मंजूर झाले.

‘गिऱ्हाईक असं कधीच करणार नाही’ हे वाक्य मी डिझाइन खात्याच्या तोंडून इतकं ऐकलंय की ते कंपनीचं बोधवाक्य आहे अशी नव्या पोरांची समजूत व्हायची. एखादा भाग तुटला की तपासणीचं पहिलं कलम, ड्रायव्हरने गाडी कशी चालवली. दुसरं कलम, गिऱ्हाईक असं करणार नाही. तिसरं कलम, चहा. ह्यात नवीन काही नाही. जर्मनीत १९३६ च्या शेवटी पोर्श यांच्या फोक्सवागनच्या तीन नमुना गाड्या प्रत्येकी पन्नास हजार किलोमीटर पळवल्या गेल्या. देखरेख कोणाची, तर मोटार बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेची, म्हणजे ही स्वस्त गाडी आलीच तर ज्यांच्या पोटावर पाय येणार त्यांचीच. परीक्षक नापास करायला टपलेला, ह्याहून चांगली चाचणी ती कोणती! ओतीव क्रँकशाफ्ट पटापट मोडले. मग घडीव पोलादाचे आले. शेवटी त्याच संघटनेला नाइलाजाने लिहावं लागलं की दोष पुष्कळ आहेत, तरी गाडी पुढे न्यायच्या लायकीची आहे. पुढल्या वर्षी तीस गाड्या वीस लाख किलोमीटरहून जास्त पळवल्या. हीच पुढची बीटल. तिचं काय झालं हे सांगायला नको.

उलट उदाहरण एनएसयू कंपनीच्या रो ८० चं. १९६७ ची गाडी, दिसायला इतकी देखणी की १९६८ ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. आत पिस्टनच नाही, तिकोनी रोटर फिरवणारं वांकेल इंजिन. पण रोटरच्या टोकांवरची सील, विशेषतः थंड इंजिनावर छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांच्या हातात, झिजून जायची आणि कंपनी वॉरंटीत अख्खं इंजिन बदलून द्यायची. असं सांगतात की रो ८० चे मालक रस्त्यात समोरासमोर आले की हात हलवत नसत, बोटं दाखवत. कोणाचं कितवं इंजिन चालू आहे ते. चाचणीत राहून गेलेलं काम गिऱ्हाइकांनी पूर्ण केलं आणि वर निकालही बोटांवर जाहीर केला. कंपनी काही वर्षांतच फोक्सवागनच्या पोटात गेली. माझदानेही तेच इंजिन घेतलं होतं, पण त्यांनी विक्रीआधी कॉस्मो गाडीचे साठ नमुने आपल्या डीलरांकडेच चालवायला धाडले. डीलरला देणं हा मला फार धूर्त डाव वाटतो. उद्या ज्याच्या काउंटरवर लोक ओरडायला येणार, तो आजच घसा मोकळा करतो.

आपल्या गिऱ्हाइकाची कल्पनाशक्ती मात्र डीलरच्याही पलीकडची आहे. एका जीपवजा गाडीची इंजिनं मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून तापून परत यायला लागली, तीही नेमकी सप्टेंबरात आणि मग लग्नसराईत. डिझाइनने रेडिएटर तपासला, पंखा तपासला, थर्मोस्टॅट तपासला. सगळं ठणठणीत. शेवटी मला आणि काकांना तालुक्याच्या गावी पाठवलं. गाडी सापडली ती मिरवणुकीत. पुढे लेझीम, मागे ही गाडी, हिच्या टपावर स्पीकरची भिंत, बॉनेटवर फुलांची चादर आणि त्या चादरीखाली रेडिएटरची जाळी गडप. दुपारी चारपासून गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या पावलापेक्षाही कमी वेगाने सरकत होती, आणि स्पीकरला वीज कमी पडू नये म्हणून एक पोरगा मधूनमधून ॲक्सिलरेटर दाबत होता. रात्री बारापर्यंत हेच. मी फोनवर साहेबांना सांगितलं, सहा-आठ तास, शून्याच्या आसपास वेग, समोरून वारा बंद, अल्टर्नेटरवर पूर्ण भार. पलीकडून शांतता. मग तेच बोधवाक्य. मी फोन नुसता स्पीकरच्या भिंतीकडे धरला.

आता सरकारलाही रस्ता म्हणजे काय हे उमगू लागलंय. पूर्वी धुराची चाचणी फक्त प्रयोगशाळेत, रोलरवर व्हायची. साधारण वीस मिनिटांची ठरीव चक्कर, वरचा वेग नव्वद. ना म्हैस, ना मिरवणूक, ना मेहुणा. २०२३ पासून गाड्यांच्या शेपटाला पेटीएवढं यंत्र बांधून खऱ्या रस्त्यावर धूर मोजतात. ती पेटी बघून पंपावरचा पोरगा हमखास विचारतो, ‘गॅस मागून भरायचा का?’ ह्यानंतरचा प्रश्न सगळीकडे एकच. गाडी प्रोटोटाइप असो, तिच्या अंगातून तारा लोंबत असोत, आत वाळू पट्टे लावून बसलेली असो. माणूस जवळ येतो, टायरला हलकी लाथ मारतो आणि विचारतो, ‘किती देते?’ आम्हाला उत्तर द्यायची बंदी होती. काका म्हणायचे, ‘देत नाय, घेते.’

लाखभर किलोमीटर झाले की इंजिन उतरवून उघडतात. लांबलचक टेबलावर पांढरं कापड, त्यावर पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंगं ओळीने, प्रत्येकाला चिठ्ठी. सिलिंडर किती झिजला ते मायक्रॉनमध्ये मोजतात. डिझाइनचे साहेब भिंग घेऊन फिरतात. एकदा त्या टेबलाशी काकांनाही बोलावलं होतं. हात मागे बांधून ते शांतपणे एकेक भाग बघत गेले आणि दोन नंबरच्या बेअरिंगपाशी थांबले. त्यावर पुसटसा ओरखडा होता.

‘ह्योच तो,’ काका म्हणाले.

‘कोण?’

‘आवाज. पावसाळ्यातच बोललो हुतो. सकाळी गार गाडीला दोन नंबरला टिकटिक येतीया.’

साहेबांनी लॉगर उघडायला लावला. लॉगरमध्ये काही नव्हतं, कारण त्या जागी सेन्सरच नव्हता. मग लॉगशीटची फाइल आली. जुलैच्या पानावर काकांच्या वळणदार अक्षरात ‘सकाळी टिकटिक, दोन नंबर’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याच्यासमोर डिझाइनचा शेरा, ‘नॉर्मल’. खाली सही. साहेबांनी ती सही भिंगातून बघितली. बहुधा त्यांचीच असावी.

गाडी भंगारात जाणार होती. नमुना गाड्या विकता येत नाहीत, त्या कापून टाकतात. काकांनी एकदा अर्ज करून पाहिला होता की ही मला द्या, महाराष्ट्रात मीटर मागे न फिरवलेली एवढी खात्रीची सेकंडहँड गाडी दुसरी मिळायची नाही. अर्ज नामंजूर झाला. टेबलाशी उभ्या उभ्या साहेबांनी मोठ्या मनाने विचारलं, ‘काका, मग नवी गाडी बाजारात आली की घेणार ना? तुमच्यासाठी स्टाफ डिस्काउंट बघतो.’

‘नाय बा,’ काका म्हणाले. ‘पयल्या वर्षीची गाडी कोण घेतंय? लोकांस्नी वर्षभर चालवू द्या. मग बघू.’